मुंग्यांचे वेळापत्रक आणि शेतकऱ्याचे नियोजन

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरिपाच्या तोंडावर भरलेल्या या मेळाव्यात बियाणे, खते, आंतरपिके यांविषयी आपण बरेच काही ऐकले. माझा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. तो म्हणजे मुंगी. विषय लहान असला तरी नुकसान मात्र लहान नसते. गादीवाफ्यावर पेरलेले मिरचीचे किंवा टोमॅटोचे महागडे संकरित बियाणे दोन रात्रींत नाहीसे होते. कोरड्या मातीत पेरलेल्या तिळाची, बाजरीची, नाचणीची उगवण विरळ होते आणि दोष बियाण्यावर जातो. डाळिंब, सीताफळ, द्राक्ष या पिकांवरील पिठ्या ढेकूण फवारण्या करूनही हटत नाही. या तिन्ही ठिकाणी मुंगीचा हात असू शकतो.

अशा वेळी आपण काय करतो? भुकटीची पिशवी आणतो आणि दिसेल त्या वारुळावर टाकतो. चार दिवस मुंग्या दिसत नाहीत, पाचव्या दिवशी पुन्हा रांग लागते. पैसा जातो आणि मुंगी राहते. याचे कारण असे की, बाहेर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे वसाहतीचा थोडा भाग असतो. अन्नासाठी बाहेर पडणाऱ्या बहुधा वयाने मोठ्या कामकरी मुंग्या होत. राणी, अंडी, अळ्या आणि तरुण कामकरी मुंग्या जमिनीखाली सुरक्षित असतात. म्हणून मुंगी केव्हा बाहेर पडते, कशासाठी पडते आणि केव्हा घरात बसते, हे समजून घेतले तर कमी खर्चात अधिक काम होते. आज आपण याच गोष्टीचा विचार करणार आहोत.

तापमान आणि मुंगीची चाल

मुंगीच्या शरीराचे तापमान आपल्यासारखे स्थिर नसते. जमीन तापली की ती तापते, जमीन थंडावली की तीही थंडावते. त्यामुळे तिची चालसुद्धा तापमानावर ठरते. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली यांनी तेथील मुंग्यांच्या वाटेवर खुणा करून त्यांचा वेग मोजला आणि १९२० साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मुंग्यांच्या वेगावरून तापमान सुमारे एका अंशाच्या फरकाने सांगता येते, असे त्यांना आढळले. थंडीत रेंगाळणारी मुंगी उबदार हवेत अनेक पटींनी वेगाने धावते.

पण याला मर्यादा आहे. उन्हाळ्यात दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. तो ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की बहुतेक जातींच्या मुंग्या बिळात परततात. सहाराच्या वाळवंटातील काही मुंग्या मात्र नेमक्या भर दुपारी बाहेर पडतात आणि उष्णतेने मेलेले कीटक गोळा करतात. त्यांच्यापैकी एका जातीच्या अंगावरील चंदेरी केस ऊन परतवून लावतात, असे २०१५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आपल्याकडच्या मुंग्या एवढ्या काटक नाहीत. त्या वेळ बदलून काम भागवतात.

तापमानाचा आणखी एक परिणाम आहे. अन्न सापडलेली मुंगी परतताना वाटेवर वासाचा माग सोडते आणि इतर मुंग्या त्या मागाने जातात. तापलेल्या जमिनीवर हा वास लवकर उडून जातो, रांग विस्कळीत होते. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत लांबलचक रांगा सकाळी, सायंकाळी आणि रात्री दिसतात; दुपारी त्या सावलीपुरत्या उरतात. काळे मुंगळे तर या दिवसांत बहुतांशी दिवस मावळल्यावरच कामाला लागतात. हिवाळ्यात याच्या उलट घडते. पहाटे मुंगी दिसत नाही, ऊन चढल्यावर दिसू लागते. दुपारी बारा वाजता शेतात फेरी मारून "मुंग्या नाहीत" असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ओलावा: मुंगीचा जमाखर्च

मुंगीचे शरीर अगदी लहान असल्याने त्यातील पाणी लवकर आटते. कोरड्या हवेत बाहेर हिंडणे म्हणजे तिच्या दृष्टीने पाणी खर्च करणे होय. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटात बी गोळा करणाऱ्या मुंग्यांचा अभ्यास डेबोरा गॉर्डन या शास्त्रज्ञ १९८५ पासून करीत आहेत. त्यांना असे आढळले की, बिळातून किती मुंग्यांनी बाहेर पडायचे हे ठरवणारा कोणी मुकादम तेथे नसतो. बिळाच्या तोंडाशी थांबलेल्या मुंग्यांना बी घेऊन परतणाऱ्या मुंग्या भेटतात. मिशांना मिशा लागतात. अशा भेटी भराभर होऊ लागल्या तर बाहेर अन्न भरपूर आहे असा त्याचा अर्थ होतो आणि अधिक मुंग्या निघतात. परतणाऱ्या कमी झाल्या की निघणाऱ्याही कमी होतात.

याच अभ्यासातील पुढचा भाग आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. उष्ण व कोरड्या दिवशी काही वसाहती काम कमी करतात, तर काही तशाच बाहेर पडत राहतात. दुष्काळी वर्षांत कोणाचा वंश अधिक वाढला? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कोरड्या दिवशी हात आखडता घेणाऱ्या वसाहतींपासून अधिक नव्या वसाहती निर्माण झाल्या. एका दिवसाच्या जादा धान्यापेक्षा अंगातले पाणी वाचवणे त्यांना फायद्याचे ठरले. कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. वाफसा नसताना घाईने पेरणारा आणि ओल पुरेशी होईपर्यंत थांबणारा, या दोघांतला फरक दुबार पेरणीच्या वेळी आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

ओलाव्याचा दुसरा परिणाम बागेत दिसतो. उन्हाळ्यात बांधावरचे गवत वाळते, जमीन कडक होते आणि ठिबकच्या तोटीखालचा ओला पट्टा तेवढा मऊ राहतो. मुंग्या आपली बिळे अशा पट्ट्याच्या कडेला हलवतात. शेजारीच कोवळी फूट असते. म्हणून बागेतील मुंग्या पाहायच्या झाल्यास आधी ओल्या पट्ट्याची कड पाहावी.

पाऊस आणि मुंगी

मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस जवळ आला, असे आपले वाडवडील सांगत. हे निरीक्षण फार जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही, काही कारण नसताना मुंग्या अंडी हलवू लागल्या तर ते लवकरच पाऊस येण्याचे लक्षण मानले आहे. मुंग्यांच्या अंड्यांना आणि अळ्यांना ठराविक ऊब आणि ठराविक ओल लागते. ती बदलली की मुंग्या त्यांना दुसऱ्या जागी नेतात. परंतु पाटाचे पाणी शिरले, नांगराचा धक्का लागला, बीळ तापले तरीही त्या अंडी हलवतात. म्हणून या लक्षणावर विसंबून पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरणी करावी.

पावसाळा आणि मुंगी यांची एक नोंद तर आपल्या पुण्यातलीच आहे. कर्नल विल्यम साइक्स हे इंग्रज अधिकारी १८२९ च्या जून महिन्यात सकाळी फिरायला गेले असता त्यांना पडीक जमिनीवर गवताच्या बियांच्या मूठमूठभर ढिगल्या दिसल्या. नीट पाहिल्यावर शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून बी वर आणीत असल्याचे आढळले. पावसाच्या सुरुवातीला साठा भिजला असावा आणि पहिले ऊन पडताच मुंग्यांनी तो वाळत घातला असावा, असा त्यांनी अंदाज केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परतीच्या वादळी पावसानंतर पुन्हा हेच दृश्य त्यांनी पाहिले. १८३५ साली त्यांनी या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे आजचे शास्त्रीय नाव फिडोले प्रॉव्हिडेन्स असे आहे. प्रॉव्हिडेन्स म्हणजे पुढची तजवीज करणारी.

या नोंदीतून आपल्याला एक गोष्ट कळते. बी साठवणाऱ्या मुंग्यांना गवताचे बारीक बी हवे असते आणि आपले तीळ, नाचणी, बाजरी, राजगिरा हे त्यांच्या दृष्टीने तसेच बारीक बी होय. पेरणीच्या सुमारास बांधावरचे नवे गवत अजून बियावर आलेले नसते, मागच्या वर्षीचे बी संपत आलेले असते, आणि त्याच वेळी आपण शेतात बी टाकतो.

मुंगीला केव्हा काय लागते?

मोठ्या मुंग्यांना हिंडण्यासाठी शक्ती लागते. ती त्यांना गोड पदार्थांतून मिळते. अळ्यांच्या वाढीसाठी मात्र प्रथिने लागतात. ती मेलेले किडे, किडींची अंडी, तेलबिया यांतून येतात. वसाहतीत अळ्या जास्त असतील तेव्हा तेलकट व प्रथिनयुक्त पदार्थांची ओढ वाढते; एरवी गोडाची. म्हणूनच गुळाचे आमिष एका महिन्यात खाल्ले जाते आणि दुसऱ्या महिन्यात तसेच पडून राहते.

यावर एक सोपी चाचणी प्रत्येकाने करून पाहावी. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे पाच तुकडे घ्यावेत. प्रत्येकावर तीन कोपऱ्यांत गुळाचा खडा, शेंगदाण्याचे थोडे कूट आणि चिमूटभर बाजरी ठेवावी. हे तुकडे शेतात चार बाजूंना व मध्ये ठेवावेत. सकाळी सहा, नऊ, बारा, तीन, सायंकाळी सहा आणि रात्री नऊ वाजता प्रत्येक कोपऱ्यावरील मुंग्या मोजून वहीत लिहाव्यात. एका दिवसात तीन गोष्टी समजतात. पहिली, आपल्या शेतात मुंग्यांची गर्दीची वेळ कोणती. दुसरी, त्या गोड खाणाऱ्या आहेत, तेलकट खाणाऱ्या आहेत की बी वाहून नेणाऱ्या. तिसरी, त्यांच्या रांगेचा माग काढत गेल्यास बीळ नेमके कोठे आहे. शाळेतील मुलांनाही हे काम जमते आणि त्याला खर्च काहीच नाही.

मात्र आधी मुंगी आणि वाळवी यांत गल्लत करू नये. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीला अशी कंबर नसते, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या असतात आणि ती मातीच्या भुयारी वाटेने जाते. वाळवीला गुळाच्या आमिषाचा उपयोग नाही.

पेरणी व रोपवाटिकेत घ्यावयाची काळजी

बी जमिनीत जितके दिवस न उगवता राहते, तितके दिवस ते मुंगीच्या तावडीत असते. म्हणून सर्व उपायांचे सूत्र एकच आहे: बी उघडे राहू नये आणि लवकर उगवावे.

१) बारीक बियांची धूळपेरणी शक्यतो टाळावी. वाफशावर पेरणी केल्यास उगवण लवकर होते आणि मुंग्यांना कमी दिवस मिळतात.

२) पेरणीनंतर माती लगेच झाकावी. सायंकाळी पेरून "सकाळी झाकू" असे म्हणू नये. रात्र हीच उन्हाळ्याच्या अखेरीस मुंग्यांच्या कामाची वेळ असते.

३) गादीवाफ्यावर बी ओळीत पेरावे, चाळलेल्या शेणखताने व मातीने झाकावे आणि लगेच झारीने पाणी द्यावे. वाफा सतत ओलसर ठेवावा, पण चिखल होऊ देऊ नये.

४) पेरणीपूर्वी आठवडाभर वर सांगितलेली चाचणी घेऊन बिळे शोधावीत. रोपवाटिकेची जागा शक्य तर बिळांपासून दूर निवडावी.

५) बी महाग असेल तर प्लॅस्टिक ट्रेमध्ये रोपे तयार करावीत. ट्रे मांडणीवर ठेवून मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. आपल्या आया दुधाच्या कपाटासाठी हीच युक्ती वापरत आल्या आहेत. वाटीतील पाणी वरचेवर बदलावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही.

फळबागेत: मुंगी आणि पिठ्या ढेकूण

मावा, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकट द्रव बाहेर टाकतात. मुंगी तो द्रव पिते आणि त्या बदल्यात या किडींचे राखण करते. पिठ्या ढेकणावर जगणारा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा किंवा परोपजीवी गांधीलमाशी आली तर मुंग्या तिला हुसकावतात. म्हणजे आपण मित्रकीटक विकत आणून सोडतो आणि मुंग्या त्यांना बागेतून हाकलतात. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळला, पुढे तो महाराष्ट्रातही पोहोचला. २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या परोपजीवी कीटकांनी त्याला आटोक्यात आणले. मित्रकीटकांची ताकद एवढी मोठी आहे. त्यांची वाट मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. बुंध्याशी वाढलेले तण काढावे. बुंध्याभोवती सुमारे २५ सेंटिमीटर रुंदीचा प्लॅस्टिक कागद घट्ट बांधून त्यावर ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर लावू नये. कागदाखाली फट राहू देऊ नये. धूळ बसून ग्रीस सुकले की पुन्हा लावावे. टेकूची काठी, तार, शेजारच्या झाडाची फांदी यांपैकी एक जरी वाट उरली तरी मुंगी तीच शोधते. द्राक्षबागेत म्हणूनच केवळ खोडाला पट्टा बांधून भागत नाही, मांडवाचे खांबही पाहावे लागतात. नत्राचा अतिरेक टाळावा, कारण लुसलुशीत फुटीवर रस शोषणाऱ्या किडी वाढतात आणि त्यांच्यामागे मुंग्या येतात.

आमिष की भुकटी?

मुंग्या एकमेकींना तोंडाने अन्न भरवतात. त्यामुळे मंद गतीने काम करणारे आमिष कामकरी मुंगीच्या पोटातून राणीपर्यंत पोहोचते. तीव्र विषाने मुंगी वाटेतच मरते आणि आत काहीच पोहोचत नाही. कॅलिफोर्नियातील प्रयोगांत साखरेच्या पाण्यात सुमारे अर्धा ते एक टक्का बोरिक आम्ल एवढे सौम्य प्रमाण उपयुक्त ठरले. घर, गोदाम, रोपवाटिकेच्या मांडण्या अशा ठिकाणी हे करता येते. एक लिटर पाण्यात २५० ग्रॅम साखर आणि ५ ते १० ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवावे, कापसाचा बोळा भिजवून बारीक भोके पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवावा. डबीवर "विष" असे लिहावे आणि मुले, जनावरे, कोंबड्या यांच्यापासून ती दूर ठेवावी. "जास्त घातले तर जास्त मरतील" हा समज येथे चुकीचा ठरतो.

आमिष मुंग्यांच्या गर्दीच्या वेळी, कोरड्या हवामानात ठेवावे. पाऊस पडणार असेल, जमीन ओली असेल किंवा भर दुपार असेल तर ते वाया जाते.

जुन्या भुकट्यांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. बीएचसी पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे. मिथिल पॅराथिऑनवर २०१८ च्या आदेशाने बंदी आली आणि फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. कोणाच्या माळ्यावर जुनी पिशवी असेल तर ती वापरू नये, विहिरीत वा ओढ्यात टाकू नये; कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. पिकावर कोणतेही औषध वापरताना त्याच्या लेबलवर त्या पिकाचे व किडीचे नाव आहे ना, हे पाहावे.

सगळ्याच मुंग्या शत्रू नाहीत

शेवटी मुंगीच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कोरडवाहू गव्हावर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. मुंग्या व वाळवी काढून टाकलेल्या जमिनीच्या तुलनेत, त्या राहू दिलेल्या जमिनीत गव्हाचे उत्पादन ३६ टक्के अधिक आले. त्यांच्या बिळांतून पावसाचे पाणी खोल मुरले आणि जमिनीतील उपलब्ध नत्रही वाढले. आपली जमीन, आपले पीक वेगळे आहे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असे नाही. पण सरसकट भुकटी टाकण्यापूर्वी विचार करायला तो पुरेसा आहे. किडींची अंडी, लहान अळ्या, जमिनीत पडलेले कोष हेही मुंग्या खातात.

कोकणातील बागायतदारांना झाडावर पाने शिवून घरटी करणारी तांबडी ओंबील चांगली माहीत आहे. चीनमध्ये संत्रावर्गीय फळबागांत ही मुंगी सुमारे सतराशे वर्षांपासून किडींविरुद्ध वापरली जाते. तेथे एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी बांबूच्या पट्ट्या बांधतात. ऑस्ट्रेलियात काजू आणि आंब्याच्या बागांत तिचा असाच उपयोग करून पाहिला गेला आहे. काजूवरील ढेकण्यालाही ती त्रास देते. मात्र ती चावते आणि खवले कीड, पिठ्या ढेकूण यांचे राखणही करते. म्हणून बागेत तिला ठेवायचे की नाही, हे त्या बागेतील किडी पाहून ठरवावे. ठेवली असेल तर तोडणी थंड सकाळी करावी, तेव्हा तिची वर्दळ कमी असते.

बंधू-भगिनींनो, आजच्या सांगण्यातून तीन गोष्टी घरी न्याव्यात. मुंगी मोजल्याशिवाय पैसा खर्च करू नये. मोजायची ती तिच्या वेळेला, आपल्या सवडीला नव्हे. आणि उपाय तेवढ्याच ठिकाणी करावा जेथे ती बी नेते किंवा कीड राखते. बाकीच्या शेतात तिला तिचे काम करू द्यावे. पेरणीला अजून काही दिवस आहेत. पुठ्ठ्याचे पाच तुकडे आणि एक वही एवढ्यावर या आठवड्यातच सुरुवात करता येईल. आपल्या नोंदी गावच्या कृषी साहाय्यकांना दाखवाव्यात किंवा विद्यापीठाकडे पत्राने कळवाव्यात. कोणत्या मातीत, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी मुंगी बाहेर पडते याच्या नोंदी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून आल्या, तर पुढच्या हंगामात आम्हाला अधिक नेमका सल्ला देता येईल.